‘का’ नसलेले प्रश्न

दिनांक ९ डिसेंबर २०१३, सोमवार. बेरा तपासणीचे, म्हणजे कानाला ऐकू येतं का ते यंत्रावर बघतात त्याचे, एक हजार आठशे रुपये रोख दिले. हजर माणसं चार: मी, माझी बायको वैशाली, माझी थोरली बहीण कमलाक्का आणि तपासणी करणारा तरुण. आमची मुलगी मुक्ताही तिथंच होती, पण तिला झोपेचं औषध पाजलेलं असल्यामुळं तिला हजर धरलेलं नाही. तेव्हा ती दोन वर्षं पाच महिन्यांची होती. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं, पावतीवर तेच आहे.

तिच्या कपाळाला आणि कानांमागं तारा चिकटवल्या होत्या. तरुण संगणकाच्या पडद्याकडं बघत होता आणि मी तरुणाकडं. चाळीस मिनिटांनी तो म्हणाला, “काका, दोन्ही कानांची रेघ सपाट आहे.”

मी वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. यंत्राला हात लावण्याआधी त्याच्यावरचं कॅलिब्रेशनचं स्टिकर बघायची मला सवय. या यंत्राच्या स्टिकरची मुदत तीन महिन्यांपूर्वीच संपली होती. मी ते त्याला दाखवलं.

“स्टिकर जुनं आहे काका, मशीन चांगली आहे.”

“आमच्याकडं असं म्हणणाऱ्याला घरी पाठवतात,” मी म्हणालो.

वैशालीनं मुक्ताच्या कपाळावरचा चिकट डाग पदरानं पुसायला घेतला. पुसून झाल्यावरही ती पुसतच राहिली.

बाहेर पायऱ्यांवर कमलाक्का म्हणाली, “मुक्ता नाव ठिवू नका म्हणलं व्हतं मी. नावातच मुकी हाय.”

अक्का देवगाव रंगारीहून मुद्दाम या कामासाठी आली होती. मनानं वाईट नाही, पण जे तोंडात येईल ते बोलते. वैशाली तिच्याशी दोन महिने बोलली नाही. मी अक्काला त्या पायऱ्यांवर काहीच म्हणालो नाही, आणि वैशालीनं ते अक्काच्या बोलण्यापेक्षा जास्त मनाला लावून घेतलं.

आठ दिवसांनी दुसऱ्या ठिकाणी पुन्हा तपासणी केली. तिथं स्टिकरची मुदत चालू होती. रेघ तीच होती.

*

हे लिहितो आहे ते ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांच्यासाठी. वैद्यकीय माहिती मी देणार नाही, ती डॉक्टरांना विचारावी. मी काय चुकलो तेवढं सांगतो, कारण माझ्यासारखी माणसं पुष्कळ असतील. मी कशावरही चटकन विश्वास ठेवत नाही. नोकरीत त्याचा पगार मिळतो. घरी त्याचं काय होतं ते पुढं येईल.

*

मे २०१४ मध्ये ऑपरेशन झालं. कानामागच्या हाडात आतलं यंत्र बसवतात आणि बाहेरचं यंत्र कानावर लावायचं असतं. यंत्र सरकारी योजनेतून मिळालं होतं. फुकट मिळालेल्या वस्तूविषयी मला जास्त शंका येतात. खोकं जुनं तर नाही, कुणाचं परत आलेलं तर नाही, एक दाखवून दुसरं तर बसवणार नाहीत? खोक्यावरचा नंबर मी आधीच उतरवून घेतला होता. डॉक्टरांना विचारलं, “खोकं माझ्यासमोर फोडता येईल?”

“आत यायचं असेल तर डॉक्टर होऊन या,” ते म्हणाले. हसून म्हणाले, पण दार लावून घेतलं.

मुक्ताला सकाळी साडेआठला आत नेलं. बाहेर बाकावर मी वहीत वेळ लिहीत होतो.

“काय लिहायलेत सारखं?” वैशालीनं विचारलं.

“किती वेळ लागतो ते.”

“लिहून कमी व्हतो व्हय?”

तीन तास चाळीस मिनिटं लागली. नंतर एक सिस्टर स्वतःहून बाहेर आल्या आणि केसपेपर उघडून दाखवला. खोक्यावरचं नंबराचं स्टिकर काढून त्यात चिकटवलं होतं. मी वहीशी ताडून पाहिलं, नंबर तोच होता. “आता चहा घ्या,” असं म्हणून त्या गेल्या. दुसरी गोष्ट त्यांनी वैशालीसाठी केली. कानामागचे केस कापावे लागले होते, ते त्यांनी फेकले नव्हते. कागदात गुंडाळून, वर रबर लावून तिच्या हातात दिले. दवाखान्यातल्या चार दिवसांत वैशाली तेव्हा एकदाच रडली.

वॉर्डातले दिवस सगळे सारखे गेले. सहाला ताप बघायचा, नवाला डॉक्टर, दुपारी मुक्ता पट्टी ओढायची आणि आम्ही पाळीपाळीनं तिचे हात धरून बसायचो. ती रडायची तेव्हा आपलं रडणं तिला ऐकू येत नव्हतं, हे मला तिथं पहिल्यांदा जाणवलं. याचा हिशोब मला कुठंच लिहिता आला नाही.

*

तीन आठवड्यांनी बाहेरचं यंत्र लावून चालू केलं. मुक्ता दचकली आणि रडली. सगळे म्हणाले, चांगलं लक्षण आहे. मला वाटलं, पांढरा कोट बघूनही पोरं रडतात.

घरी आल्यावर मी माझी परीक्षा सुरू केली. तिच्या पाठीमागं उभं राहून ताटावर चमचा मारायचा. फरशीतून हादरा जाऊ नये म्हणून ताट गोधडीच्या घडीवर ठेवलं. वीस वेळा मारलं, सतरा वेळा तिनं मान वळवली. मग शंका आली की दिव्यामुळं माझी सावली तिच्यापुढं पडत असेल. दिवा बंद केला. मग वाटलं, समोर बसलेली वैशाली डोळ्यानं खुणावत असेल.

“तू जरा रुबिनाभाभींकडं जाऊन बस,” मी म्हणालो.

रुबिनाभाभी आमच्या शेजारी. त्यांच्या यजमानांचं पैठण रस्त्याला फर्निचरचं दुकान आहे. वैशाली चप्पल घालताना म्हणाली, “माझ्यावरबी भरोसा नाय तुमचा. बरं हाय.” ती गेल्यावर अठरा वेळा वळवली. म्हणजे वैशाली खुणावत नव्हती. हे मी तिला सांगितलं, तेव्हा तिनं माझ्याकडं असं पाहिलं की सांगायला नको होतं.

*

यंत्र लावलं की मूल बोलतं असं नाही. ऐकायला शिकवावं लागतं. त्यासाठी आठवड्यातून तीन दिवस सोनल मॅडमकडं जायचं. त्या पुण्याच्या, वयानं आमच्याहून पुष्कळ लहान. ओठ वाचता येऊ नयेत म्हणून एका गोल कडीवर ताणून बसवलेलं कापड तोंडासमोर धरायच्या आणि बोलायच्या. ऐकलं ते मुक्तानं परत म्हणायचं. ‘ऐक आणि म्हण’ हाच पहिल्या दोन वर्षांचा मुख्य अभ्यास. घरीही तसाच करायचा. “चेंडू लाल आहे.” “चेंडू लाल आहे.” “मांजर झोपली.” “मांजर झोपली.” वैशाली पोळ्या लाटता लाटता शंभर-दीडशे वाक्यं म्हणून घ्यायची.

पाच वर्षांची होईपर्यंत मुक्ता बोलू लागली. स चा श व्हायचा, शेवटचं अक्षर गिळायची, पण परक्या माणसालाही कळेल असं बोलायची. बालवाडीत जाऊ लागली. अक्का आली की तिला समोर बसवून बोलायला लावायची आणि गावाकडं जाऊन सांगायची की आमची पोरगी पोपटासारखी बोलायली.

पोपटासारखी हा शब्द मला खटकायचा. मलाही तेच वाटू लागलं होतं.

*

नोव्हेंबर २०१६. पहिल्या पाळीहून कंपनीच्या बसनं मी चारला घरी यायचो. मुक्ता पाटीवर चित्र काढत बसलेली असायची. मी बूट काढत विचारायचो, “डबा संपवला?”

“डबा संपवला,” ती म्हणायची.

एक दिवस दप्तर उघडलं. पोळी आणि बटाट्याची भाजी जशीच्या तशी होती. मी डबा तिच्यासमोर धरला. ती डब्याकडं बघत राहिली. पाच वर्षांची पोर तोंडावर खोटं बोलते याचा मला फार राग आला. तिला पंधरा मिनिटं गॅलरीत उभं केलं.

दुसऱ्या आठवड्यात विचारलं, “यंत्र डबीत ठेवलं?”

“यंत्र डबीत ठेवलं.”

यंत्र उशीखाली होतं. परत गॅलरी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी असं चार वेळा झालं.

दुसरी एक गोष्ट त्याहून जास्त लागायची. ती काही सांगायची, मला ते पटायचं नाही, आणि मी म्हणायचो, “व्हय?” आमच्याकडं या एका शब्दात सगळं येतं. सरळ म्हटलं तर होकार. शेवटी उचलला तर ‘मला शिकवतेस?’ असा अर्थ. मी उचलून म्हणायचो आणि मुक्ता गोड हसायची. बापाला वेड्यात काढून वर हसते, असं मला वाटायचं.

“ही लबाड निघाली,” मी वैशालीला म्हणालो.

“पाच वर्षांची हाय ती.”

“वयाचा काय संबंध?”

“तुम्ही तिला मोजायलेत. एकदा तिच्याशी बोला की.”

*

त्या हिवाळ्यात माझा संशय मुलीवरून मॅडमवर गेला. त्यांच्या दर आठवड्याच्या कागदावर लिहिलेलं असायचं: प्रश्नांना उत्तरे, दहापैकी नऊ. घरी निम्म्या प्रश्नांनाही उत्तर मिळत नव्हतं. माझ्या बाकाशेजारचा सहकारी म्हणाला, “कागदावर सगळंच पास असतं. मशीन फेल म्हणलं तर तुम्ही फी कशाला द्याल?” मला ते पटलं. मी दोन महिन्यांची फी दिली नाही. मॅडमनी मागितली नाही, त्याचाही मला संशय आला.

रुबिनाभाभींवरही आला. मुक्ता दुपारी त्यांच्याकडं खेळायची. भाभी विचारायच्या, “खाना खाई क्या बेटा?” आणि मुक्ता ताबडतोब सांगायची, “नाही खाल्ला, भाजी नक्को.” माझ्यासमोर मुकाट आणि परक्या बोलीतल्या प्रश्नाला चुरूचुरू. मी भाभींना विचारलं, तुम्ही हिला बिस्किटं देता, खुणा करता?

“अब्बा जरा टेढे हैं तेरे,” भाभी मुक्ताला म्हणाल्या.

आता प्रश्न पहिलीचा होता. माझ्या फाइलमध्ये दोन अर्ज होते. एक आमच्या गल्लीमागच्या साध्या मराठी शाळेचा. दुसरा परगावच्या, ऐकू न येणाऱ्या मुलांच्या निवासी शाळेचा. ती शाळा वाईट नव्हती. मी जाऊन पाहिली. मुलं हातवाऱ्यांनी भराभर बोलत होती, हसत होती, गाद्या स्वच्छ होत्या. पण मुक्ता तिथं राहिली असती आणि आम्हाला महिन्यातून एकदा भेटली असती. दोन्ही अर्जांची शेवटची तारीख २० एप्रिल होती. वैशालीला पहिलाच अर्ज भरायचा होता. मी म्हणालो, हिला खरंच ऐकू येतं की नुसतं परत म्हणते, हे आधी ठरू दे. परत म्हणत असेल तर साध्या शाळेत ती चाळीस पोरांमागं बसून वाया जाईल. मी दुसरा अर्ज भरीन.

“आन् मी न्हाय म्हणले तर?”

“आकडे बघून ठरवू.”

वैशाली उठून आत गेली. चार दिवस आमचं बोलणं भाजी आणि दुधापुरतंच होतं.

*

१ मार्च ते २६ मार्च मी वही ठेवली. रकाने सहा: तारीख, विचारणारा, नेमके शब्द, तिचं उत्तर, बरोबर की चूक, आणि ती समोर होती की पाठमोरी. नेमके शब्द लिहायची सवय कंपनीतली. तपासणीत नुसतं ‘खराब’ लिहून चालत नाही. माझे, वैशालीचे, अक्का आली तेव्हाचे तिचे, भाभींचे आणि काचेमागं बसून ऐकलेले मॅडमचे, सगळे प्रश्न लिहिले. एकूण तीनशे बारा झाले.

बेरीज अशी आली. घरच्यांनी विचारलेले दोनशे अठ्ठावन्न, बरोबर एकशे एक्केचाळीस, म्हणजे शेकडा पंचावन्न. बाहेरच्यांनी विचारलेले चोपन्न, बरोबर एकोणपन्नास, म्हणजे शेकडा एक्क्याण्णव.

इतका फरक नुसता योगायोगानं येत नाही. आमच्या खात्यात असा फरक आला की एक तर माप खोटं असतं, नाहीतर मापणारा.

*

२८ मार्चला मी, वैशाली आणि मुक्ता मॅडमकडं गेलो. मी वही टेबलावर ठेवली.

“मॅडम, कान तोच, यंत्र तेच. बाहेर एक्क्याण्णव आणि घरी पंचावन्न. खोटं कोण बोलतंय ते सांगा.”

मॅडमचा चेहरा लाल झाला. पण त्या म्हणाल्या, “आधी वाचू द्या.” पेन्सिल घेऊन त्यांनी तीन पानं वाचली. मधेच थांबल्या.

“हे ‘जेवली’ म्हणजे?”

“जेवली? असं विचारलं.”

“म्हणजे ‘जेवलीस का’ ना?”

“तेच.”

“मग ‘का’ लिहिला नाही.”

“बोललो नाही तर लिहिणार कसा? जसं बोललं तसंच लिहिलंय.”

त्यांनी पानं उलटली. “डबा संपवला. मामा आला. पाणी पाहिजे. दुखतंय. तुमच्या घरी ‘का’ म्हणतच नाहीत?”

वैशाली म्हणाली, “आमच्याकडं ‘का’ म्हणलं की भांडाया उठल्यागत वाटतं मॅडम.”

मॅडम उठल्या. मुक्ताला पाठमोरी बसवलं आणि तिच्यामागं उभ्या राहिल्या. तोंडासमोर कापड धरलं.

“बाबा चहा पितात.”

“बाबा चहा पितात,” मुक्ता म्हणाली.

मग मॅडमनी शेवटी आवाज उचलून तेच म्हटलं. “बाबा चहा पितात?”

“बाबा चहा पितात,” मुक्ता म्हणाली. तोच सूर, तोच चेहरा.

“बाबा चहा पितात का?”

“पितात,” मुक्ता म्हणाली. “दोनदा. साखर नक्को म्हणतात आणि घेतात.”

खोलीत कुणी हसलं नाही. मॅडम म्हणाल्या, “सर, शब्द तिला पोचतो. आवाजाचा चढउतार नीट पोचत नाही. या यंत्रांचं ते दुबळं अंग आहे. तुम्ही प्रश्न विचारता तो नुसता आवाज उचलून. तिला ते साधं वाक्य वाटतं, आणि आपण तिला दोन वर्षं काय शिकवलंय? ऐक आणि म्हण.”

“हे आधी सांगायला पाहिजे होतं.”

“सांगितलं होतं. पहिल्याच महिन्यात.”

मला खात्री होती की सांगितलं नव्हतं. जुनी वही माझ्या पिशवीतच होती. जुलै २०१४ च्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं निघालं: ‘सूर कळणं अवघड जाईल. गाणं जमणार नाही. चालेल.’ आमच्या घरात कोण गाणारं आहे, असा विचार करून मी ते सोडून दिलं होतं. सूर फक्त गाण्यात असतो असं मला वाटत होतं. मी दिवसभर सुरात बोलतो हे मला माहीत नव्हतं.

मी तिथंच बसून बेरजा नव्यानं केल्या. आधी मी माणसांवरून गट पाडले होते. आता शब्दांवरून पाडले. कोण, कुठं, किती, काय असे शब्द असलेले घरचे प्रश्न एकशे चाळीस, त्यांतले बरोबर एकशे बावीस. मॅडमचे ‘का’ आणि भाभींचे ‘क्या’ असलेले चोपन्न, बरोबर एकोणपन्नास. आणि घरचे ‘का’ नसलेले एकशे अठरा, त्यांतले बरोबर फक्त एकोणीस. त्या एकोणिसांतल्या सतरा वेळी ती समोर होती, म्हणजे माझ्या भुवया बघून तिनं ओळखलं होतं. ‘डबा संपवला’ या एकशे अठरांत होता. ‘व्हय’ तर मी प्रश्नांत धरलाच नव्हता.

*

तरीही घरी जाऊन मी स्वतः एकदा तपासलं. कुणी म्हणेल, अजूनही संशय? हो, अजूनही. दाराआडून चाळीस प्रश्न विचारले, वीस ‘का’ लावून, वीस न लावता, चिठ्ठ्या काढून, क्रम न ठरवता. लावलेले एकोणीस बरोबर आले. न लावलेले दोन.

मग मी तिच्यासमोर खाली बसलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

“मुक्ता, तू खोटं बोलत नव्हतीस.”

“कधी?”

“डब्याच्या वेळी.”

तिनं विचार केला. “गॅलरीत?” म्हणाली.

“हो. गॅलरीत.”

“तिथं ऊन होतं,” ती म्हणाली, आणि पाटी घ्यायला गेली. मला वाटत होतं ती विसरली असेल. पोरं विसरतात असं आपण आपल्या सोयीनं म्हणतो.

वैशाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. “आता माझा नंबर कधी?” ती म्हणाली. मी तिलाही म्हणालो, की तुझ्यावर संशय घेतला ते चुकलं. ती म्हणाली, “वहीत लिहून ठेवा, म्हणजे मागाहून नाय म्हणायला नको.” लिहिलं. त्या दिवसाच्या पानावर आहे.

*

मग घरात ‘का’ सुरू झाला. वाटतं तितकं ते सोपं नाही. पन्नाशीकडं झुकलेल्या जिभेला वळण लागत नाही. मी ‘जेवली’ म्हणून थांबायचो आणि दोन क्षणांनी ‘का’ म्हणायचो, म्हणजे सुटी राहिलेली चप्पल मागाहून आणून ठेवावी तसं. अक्का दोन दिवस राहायला आली आणि हसून बेजार झाली. “आलीस का, बसलीस का, खाल्लंस का! सुधाकर, लई पुण्याचे झालात रं तुम्ही.” पण जाताना दारात ती मुक्ताला म्हणाली, “येऊ का मी?” आणि मुक्ता म्हणाली, “नको जाऊ.” अक्का परत आत येऊन बसली. त्या दिवशीची शेवटची बस तिनं सोडली.

मॅडमना मी सांगितलं, शंभर टक्के ‘का’ लावतोय. राहिलेली दोन महिन्यांची फी सहा हजार चारशे त्याच दिवशी त्यांना दिली. त्यांनी मोजून घेतली. मला ते आवडलं. मग म्हणाल्या, “घरात लावा. पण शाळा लावणार नाही, दुकानदार लावणार नाही, बसमधला माणूस लावणार नाही. सगळ्या औरंगाबादेला तुम्ही ‘का’ शिकवणार आहात?”

“मग?”

“तिला कळलं नाही की तिनं विचारायचं. विचारणं शिकवूया.”

पुढचे तीन आठवडे तेच केलं. चढ ओळखायचा सरावही केला. त्यात ती दहातले चार-पाच बरोबर सांगायची, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखंच. त्याबाबतीत मी कुणाला खोटी आशा दाखवणार नाही. पुढं वर्षांनी थोडं सुधारलं. चिडवणं मात्र तिला आजही शब्दांवरून नाही तर चेहऱ्यावरून कळतं, आणि फोनवर चेहरा नसतो. पण विचारायला ती शिकली. ज्यांच्या घरी असं मूल असेल त्यांनी उत्तर चूक आलं की आधी आपला प्रश्न कागदावर लिहून बघावा, जसा तोंडातून निघाला तसाच. प्रश्नचिन्ह सोडून त्यात प्रश्न दिसतो का, ते बघावं. मी दोन वर्षं मुलीला तपासत होतो, प्रश्न तपासायचा राहिला.

*

दिनांक १९ एप्रिल २०१७. साध्या शाळेचं कार्यालय. हजर: मी, वैशाली, मुक्ता आणि लिपिक. माझ्या काखेत तीन वर्षांच्या अहवालांची फाइल होती, कारण हे लोक नाही म्हणणार असं मी धरूनच चाललो होतो.

लिपिकानं अर्ज वाचला. नाव वाचलं, जन्मतारीख वाचली. मग चष्म्यावरून त्याची नजर मुक्ताच्या कानावर गेली आणि तिथंच थांबली. त्यानं पेन खाली ठेवलं.

“हिला ऐकू येतं?” त्यानं मला विचारलं.

मी फाइलची दोरी सोडायला लागलो. वैशालीनं माझ्या मनगटावर हात ठेवला. मुक्ता लिपिकाकडं बघत होती, मग तिनं माझ्याकडं पाहिलं, मग परत त्याच्याकडं.

“विचारताय का सांगताय?” ती म्हणाली.

लिपिक वैशालीकडं वळला. “लई तिखट हाय पोरगी.”

“तुम्हाला इचारायलीय ती,” वैशाली म्हणाली. “सांगा की.”

त्यानं मुक्ताकडं पाहिलं. “विचारतोय बाई,” तो म्हणाला.

“मग येतं,” मुक्ता म्हणाली.

त्यानं पेन उचललं. फाइल मी उघडली नाही. प्रवेश फी पाचशे, ओळखपत्र आणि वह्यांचे एकशे चाळीस, एकूण सहाशे चाळीस रुपये लिपिकाला दिले आणि पावती घेतली.